पाणलोटाची कामे मोजून झाली, आता पाणी मोजा

प्रति,
राज्यातील पाणलोट व जलसंधारण योजनांचे मूल्यमापन करून घेणारे अधिकारी, त्यासाठी नेमल्या जाणाऱ्या संस्था आणि या योजनांना निधी मंजूर करणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

पाणलोटाच्या कामांचे मूल्यमापन करायचे म्हणून जे प्रपत्र आमच्या हाती येते, त्यात आधी कामांची संख्या असते, मग झालेला खर्च, मग अक्षांश-रेखांशासह फोटो आणि शेवटी 'निर्माण झालेला पाणीसाठा' टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये. विहिरीच्या पातळीसाठी एखादाच रकाना असतो, तोही एकाच तारखेचा. उपसा किती वाढला, हे विचारणारा रकाना नसतोच. असे प्रपत्र भरून त्याला 'परिणामांचा अहवाल' म्हणायची आमची यापुढे तयारी नाही. म्हणून हे पत्र तुमच्या नावे, पण सगळ्यांनी वाचावे असे लिहीत आहोत.

आम्ही विहिरींच्या पातळ्या घेणारे, नाल्यांचे छेद काढणारे, पीकपेऱ्याचे आकडे जुळवणारे लोक आहोत. अहवालाच्या शेवटच्या पानावर तांत्रिक पडताळणी म्हणून सही आमची असते. गाव 'जलपरिपूर्ण' झाल्याचे कागदावर आले की शेतकरी त्या भरवशावर डाळिंब किंवा मोसंबी लावतो. बाग फळावर येते आणि एका कोरड्या वर्षात विहीर तळ गाठते. त्या वेळी नुकसान त्याचे होते आणि चुकलेला हिशोब आमच्या सहीखाली असतो.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. दर वर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करायची आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२० मध्ये 'कॅग'चा अहवाल आला. त्यात ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसत नसल्याचे म्हटले होते. त्यावर पुष्कळ राजकारण झाले. आम्हाला त्यात शिरायचे नाही. १५१ तालुक्यांत दुष्काळ पडला म्हणजे अभियान फसले, असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण त्या वर्षी पाऊसच कमी होता. पण मग भरपूर पावसाच्या वर्षी तुडुंब विहिरींचे फोटो दाखवून तेच अभियान यशस्वी ठरवणेही बरोबर नव्हते. दोन्ही बाजूंना ठामपणे बोलता आले, कारण मधल्या पाच वर्षांचे नीट मोजलेले आकडे कोणाच्याच हाती नव्हते. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. तोच घोळ पुन्हा होऊ नये, एवढीच आमची धडपड आहे.

आमच्या तक्रारी पुढे मांडतो.

पहिली तक्रार पावसाची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला. आता कोणी मे २०१६ ही 'योजनेपूर्वीची स्थिती' धरली आणि मे २०१७ ही 'योजनेनंतरची', तर एकही बांध न घातलेले गावसुद्धा यशोगाथा ठरेल. गावात काम झाले, पातळी वर आली, म्हणून कामामुळे पातळी वर आली, असा निष्कर्ष निघत नाही. आधी त्यातून पाऊस वजा करावा लागतो.

ही वजाबाकी अवघड नाही. समजा काम झालेल्या गावात ऑक्टोबरची पाण्याची सरासरी खोली ७.० मीटरवरून ५.५ मीटरवर आली, म्हणजे पाणी दीड मीटर वर चढले. शेजारचे, तसाच खडक, तसाच उतार आणि तेवढाच पाऊस असलेले, पण काम न झालेले गाव घ्या. तिथे खोली ७.२ वरून ६.० वर आली, म्हणजे १.२ मीटर चढ. कामाच्या नावावर उरले ०.३ मीटर. अहवालात मात्र दीड मीटर छापले जाते. त्यातही पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला असतो आणि तो मंडळातल्या सगळ्या गावांना सारखाच लावला जातो. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एका शिवारात ४० मिलिमीटर पडतो आणि ओढ्यापलीकडे धूळ उडत असते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. गावातल्या शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवले तरी हा दोष बराच कमी होतो.

याच ०.३ मीटरचे पुढे काय होते ते बघा. भूजलातली वाढ काढायची तर क्षेत्र, पातळीतला चढ आणि स्पेसिफिक यील्ड, म्हणजे तो खडक रिकामा होताना प्रत्यक्षात देतो तेवढ्या पाण्याचे प्रमाण, या तिघांचा गुणाकार करतात. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. झिजलेल्या आणि भेगाळलेल्या बेसाल्टसाठी हे प्रमाण १ ते ३ टक्के धरले जाते, शिफारस २ टक्क्यांची आहे. १,००० हेक्टरच्या शिवारात ०.३ मीटर चढ म्हणजे २ टक्क्यांनी ६० टीसीएम, अर्थात ६०,००० घनमीटर. १ टक्का धरला तर ३०, ३ टक्के धरले तर ९०. खडक न तपासता, टेबलावर बसून, या एका आकड्यात फेरफार केला की परिणाम तिप्पट होतो. आणि २ टक्के बरोबर आहेत असे मानले तरी ६० टीसीएम म्हणजे पाटाने भिजवलेला फार तर ३ हेक्टर ऊस. हरभऱ्याला तेच पाणी २० हेक्टरांच्या वर पुरेल. गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी ऊस लावला की सगळ्या गावाने केलेल्या कामाचे पाणी संपले. हे वाक्य आम्हाला आजवर एकाही मूल्यमापन अहवालात वाचायला मिळालेले नाही.

पातळी घेतानाही चुका होतात, आणि त्या अगदी साध्या असतात. खोली कठड्यावरच्या मापनबिंदूपासून घेतात आणि कठड्याची उंची वजा करतात. मधल्या काळात विहिरीचे बांधकाम होऊन कठडा एक मीटर वाढला आणि जुनीच उंची वजा केली, तर पाणी हलले नसताना पातळी एक मीटरने घसरलेली दिसते. रात्रभर मोटर चालू असलेल्या विहिरीची सकाळची पातळी ही गावाची पातळी नसते, विहीर भरून यायला वेळ द्यावा लागतो. सगळ्यात नडणारी गोष्ट म्हणजे विहिरीची निवड. सिमेंट नाला बांधापासून शंभर पावलांवरची विहीर निवडली की आकडा छान येतो. तो त्या विहिरीचा असतो, शिवाराचा नसतो.

दुसरी तक्रार साठ्याची. सिमेंट बांधाची लांबी, रुंदी, खोली मोजली, क्षमता काढली, पावसाळ्यात तो दोन-तीनदा भरतो असे धरून गुणले, की 'निर्माण झालेला पाणीसाठा' तयार. तो किती वेळा भरला, हे पाहिलेले नसते. भरल्यावर पाणी जिरले की उडून गेले, हेही पाहिलेले नसते. खरे तर ते कळायला बांधाच्या भिंतीवर रंगवलेली एक मोजपट्टी आणि रोज सकाळी सातला तिच्यावरची रेघ वाचणारा एक माणूस एवढेच लागते. पाऊस थांबला, वरून येणारा ओघ बंद झाला, कोणी पंप लावलेला नाही, अशा दहा दिवसांच्या नोंदी पुरतात. पाणी रोज २२ मिलिमीटर उतरत असेल आणि बाष्पीभवन ५ मिलिमीटर असेल, तर १७ मिलिमीटर जिरते आहे. हीच नोंद तिसऱ्या वर्षी घ्या. तळाशी बारीक गाळाचा थर बसून जिरणे ६ मिलिमीटरवर आलेले असेल, तर बांध कागदावर तेवढ्याच क्षमतेचा राहतो, पण पुनर्भरणाचे काम त्याने बरेचसे थांबवलेले असते. गाळ कधी काढायचा, तेही याच नोंदीतून कळते.

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात, त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवावे लागतात. बरगे चोरीला गेलेले, वाकलेले, रबरी पट्टी झिजलेली, किंवा बसवायचे कोणी यावर ग्रामपंचायत आणि खाते यांच्यात पत्रव्यवहार चाललेला. तोवर ओढा वाहून जातो. यादीत मात्र बंधारा 'पूर्ण' असतो.

तिसरी तक्रार उपशाची. आमच्या दृष्टीने ही सगळ्यात गंभीर आहे. योजनेने पाणी वाढते, तसा भरवसाही वाढतो आणि भरवशाबरोबर उपसा वाढतो. मग मे महिन्यातली पातळी होती तिथेच राहते किंवा आणखी खाली जाते. वरवर पाहता योजनेचा काही परिणाम झाला नाही असे वाटते. प्रत्यक्षात पाणी मिळाले, त्यातून उत्पन्नही मिळाले, पण कोरड्या वर्षासाठी शिल्लक काही राहिले नाही. आर्थिक फायदा आणि पाण्यावरचा ताण हे दोन्ही एकाच वेळी खरे असतात. त्यासाठी दोन वेगळे रकाने लागतात, आणि आज दोन्ही रिकामे आहेत.

शेततळ्याचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, कमाल अनुदान ५०,००० रुपये. कल्पना अशी की शेतावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तळ्यात साठवावे आणि पावसाने ताण दिला की पिकाला एखादे संरक्षित पाणी द्यावे. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असलेले तळे २,१९६ घनमीटर पाणी धरते. आता पुष्कळ ठिकाणी काय दिसते? चारही बाजूंनी उंच भराव, आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, आणि पाणी आत यायला वाटच नाही. वाट नसते, कारण हे तळे विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरायचे असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, वीज आहे आणि विहिरींना पाणी आहे तोवर, सगळ्यांच्या जमिनीखालचे पाणी उपसून एकाच्या तळ्यात आणले जाते. कागदामुळे ते परत जिरत नाही. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ६ मिलिमीटर उडते असे धरा. पाणी खाली जाताना पृष्ठभागही लहान होतो, म्हणून सरासरी ७०० चौरस मीटर घ्या. १५० दिवसांत ६३० घनमीटर हवेत जाते. तळ्याच्या क्षमतेच्या ते जवळपास २९ टक्के होते. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवायला आपण अनुदान दिले, असा याचा अर्थ होतो.

शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. शेजारी उपसतोय म्हटल्यावर आपण थांबून पाणी मागे राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या बागेचा हिशोब त्याच्यापुरता बरोबरच आहे. पण मूल्यमापन करणाऱ्याने शेततळे 'जलसाठा' या रकान्यात अधिक चिन्हाने लिहावे, हे आम्हाला मान्य नाही. बोअरने भरलेले तळे उपशात मोजले पाहिजे. ते भरायला वाट आहे की नाही, हे जागेवर जाऊन पाच मिनिटांत दिसते.

बोअरचेही तसेच. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, ही खोल विहिरीची रेषा आहे. गावात वर्षभरात किती बोअर घेतले, किती कोरडे गेले, पाणी किती फुटांवर लागले, हे तीन आकडे पर्यावरणावरच्या ताणाबद्दल जेवढे सांगतात तेवढे दहा पानी प्रश्नावली सांगत नाही. ते आकडे बोअरच्या गाडीवाल्यांकडे असतात. योजनेनंतर पाच वर्षांनी पाणी लागण्याची खोली २५० फुटांवरून ४५० फुटांवर गेली असेल, तर उथळ विहिरींची ऑक्टोबरची पातळी कितीही सुखावणारी असो, गाव पुढे गेलेले नाही.

चौथी तक्रार खोलीकरणाची. नाला किती रुंद, किती खोल केला याची घनमीटरमध्ये मोजणी होते, कारण यंत्राचे बिल घनमीटरवर निघते. त्यामुळे खोदणे थांबवायचे कारणच कोणाकडे नसते. माती आणि मुरूम संपून कठीण खडक लागला की थांबायला हवे. नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली गेला, तर तो नाला पाणी जिरवत नाही, विहिरींतले पाणी स्वतःकडे ओढून खाली वाहून नेतो. खोलीकरणानंतर नाल्याला डिसेंबरातही पाणी दिसते, त्याचे फोटो निघतात. ते पाणी कुठून आले हे पाहायचे तर दोन्ही काठांवरच्या तीन-तीन विहिरींच्या पातळ्या आणि नाल्याच्या तळाची पातळी एकाच समतल संदर्भावर, म्हणजे उंची मोजायच्या एकाच मूळ पातळीपासून, घ्यावी लागते. सर्वेक्षणाच्या दुर्बिणीचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. शिवाय वरच्या गावात अडवलेले पाणी खालच्या गावाच्या खात्यातून वजा होते की नाही, हे पाहायला मूल्यमापनाची हद्द गावाची नको, पाणलोटाची हवी.

उत्पन्नाच्या आकड्यांविषयी थोडक्यात. रुपयांतली वाढ आम्हाला नको, तीत बाजारभाव मिसळलेला असतो. हेक्टरी किती क्विंटल, रब्बीचे क्षेत्र किती, पंप दिवसाला किती तास चालतो, हे लिहा. आणि ते विहीर असलेल्यांसाठी वेगळे, नसलेल्यांसाठी वेगळे, भूमिहीनांसाठी वेगळे लिहा. माथ्यावर चराईबंदी झाल्यावर शेळ्या राखणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न सरासरी काढली की दिसेनासा होतो. टँकर बंद झाला, हेही यशाचे माप नव्हे. नळयोजना आली तरी टँकर बंद होतो.

काम आधीच झाले, पूर्वीची पातळी कोणी घेतलीच नव्हती, आता काय करणार, असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रे २०१५ पासूनची आणि लँडसॅटची ३० मीटरची त्याच्याही कितीतरी आधीपासूनची मोफत मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि मार्च ते मे अशी दोन हंगामांची हिरवळ वेगळी काढली, की रब्बी आणि उन्हाळी क्षेत्र मागे जाऊन मोजता येते. खरिपाचे चित्र घेऊ नका, त्यात सगळीकडे हिरवेच दिसते. कालव्याखालचे शिवार वगळा. आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीला पीक समजू नका, त्यासाठी किमान ३० ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करावी लागते.

गावपातळीवर हे जमत नाही, असेही म्हणू नका. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिके ठरवायची, सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, हे नियम पाळून दाखवले आहेत. तिथली कामे सगळ्यांनी उचलली, उपशाचे नियम फार थोड्यांनी.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. काम सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष निवडलेल्या विहिरींच्या पातळ्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा घ्याव्यात. गावात किमान १२ विहिरी असाव्यात, माथ्यावर, मध्ये आणि पायथ्याशी विभागलेल्या, आणि बांधालगतच्या विहिरी वेगळ्या दाखवाव्यात.

२. प्रत्येक पाणलोटासाठी काम न झालेला, तसाच खडक आणि तेवढाच पाऊस असलेला एक पाणलोट तुलनेसाठी निवडावा, आणि तो काम सुरू होण्याआधी जाहीर करावा.

३. प्रपत्रात उपशाचे पान घालावे. त्यात चालू विहिरी, बोअर, त्यांची खोली, कोरडे गेलेले बोअर, पंपाचे तास, बारमाही पिकांचे क्षेत्र, आणि पाणी आत येण्याची वाट नसलेली शेततळी असावीत.

४. 'निर्माण झालेला साठा' हा शब्द अहवालातून काढावा. त्याऐवजी मोजपट्टीवरून काढलेले जिरलेले पाणी लिहावे. जिथे मोजलेले नाही, तिथे 'मोजलेले नाही' असे लिहावे.

५. मूल्यमापन काम संपल्यावर तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी व्हावे, आणि त्यात कमी पावसाचे किमान एक वर्ष आलेच पाहिजे. ज्या खात्याने काम केले त्याने मूल्यमापनाची संस्था नेमू नये आणि तिचे बिलही काढू नये.

६. मूळ आकडे, विहिरीगणिक आणि तारखेनिशी, ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि संकेतस्थळावर ठेवावेत. नुसता सारांश नको.

यातल्या पहिल्या चार मागण्यांना नवी यंत्रसामग्री लागत नाही. मोजफीत, दुर्बीण, रंगाचा डबा आणि वही एवढ्यावर भागते. एका गावातल्या १२ विहिरी एक माणूस एका दिवसात मोजतो. गावातल्याच दोन मुला-मुलींना हे शिकवायला दोन दिवस लागतात. शिकवायला आम्ही येऊ, त्याचा मोबदला मागणार नाही.

येत्या मे महिन्याची मोजणी चुकली, तर पुढची तशीच नोंद एक वर्षाने मिळेल. निदान तुलनेच्या पाणलोटांची यादी आणि उपशाचे पान त्याआधी मंजूर करावे, अशी विनंती आहे. जुन्या प्रपत्रावर मात्र आम्ही सही करणार नाही.

आपले,
पाणलोट क्षेत्रांत मोजमापाचे काम करणारे तंत्रज्ञ आणि सर्वेक्षक